घसा एकाचा, काळजी साऱ्या घराची

घरातल्या एका मुलाचा घसा धरतो, अंगात ताप भरतो, घास गिळवत नाही. दोन-चार दिवसांत दुसरे मूल कुरकुरू लागते. मग आईचा घसा खवखवतो. आठवडाभरात घरात ‘हे कोणी आणले?’ याची चौकशी सुरू होते. कोणी शाळेला दोष देतो, कोणी कुल्फीला, तर कोणी गावाहून आलेल्या पाहुण्यांना. दवाखान्यात मात्र दोनच प्रकारची मंडळी भेटतात. एक म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, घसाच तर आहे, जाईल आपोआप.’ दुसरे म्हणतात, ‘सगळ्या घरालाच गोळ्या लिहून द्या, म्हणजे एकदाची कटकट मिटेल.’ माझ्या मते हे दोन्ही विचार चुकीचे आहेत. आणि या दोहोंच्या मध्ये जो खरा मार्ग आहे, तो न कळल्यामुळे आपल्याकडे आजही कित्येक मुलांच्या हृदयाला कायमची इजा होते. म्हणून आजचा लेख घशावर असला, तरी त्याचा शेवट हृदयापाशी आहे.

सगळेच घसे सारखे नसतात

घसा दुखण्याची बहुतेक कारणे साधी असतात. सर्दी-पडशाचे विषाणू घशात शिरतात, चार-सहा दिवस त्रास देतात आणि जातात. त्यांच्यावर प्रतिजैविकांचा, म्हणजे ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो त्या औषधांचा, काडीचाही उपयोग होत नाही. पण काही घसे ‘स्ट्रेप्टोकोकस’ नावाच्या जंतूमुळे दुखतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू मण्यांच्या माळेसारखे दिसतात. त्यांतला ‘अ’ गटातला जंतू आपल्या आजच्या विषयाचा नायक, किंवा खलनायक म्हणा. ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये घसा दुखून आलेल्या शंभर मुलांपैकी साधारण २० ते ३० जणांत हा जंतू कारणीभूत असतो. मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात ५ ते १५ एवढेच असते. तीन वर्षांच्या आतल्या बाळांना हा आजार सहसा होत नाही.

या जंतूचा घसा ओळखावा कसा? तो एकाएकी दुखू लागतो. ताप येतो, गिळताना कळ येते, टॉन्सिल लालबुंद होऊन सुजतात आणि त्यांवर पांढरट ठिपके दिसतात. जबड्याखाली मानेत दुखऱ्या गाठी लागतात. लहान मुले डोके किंवा पोट दुखते म्हणतात, उलटीही करतात. याउलट नाक वाहत असेल, शिंका-खोकला असेल, आवाज बसला असेल, डोळे आले असतील, तर बहुधा तो विषाणूंचा प्रताप असतो. मात्र नुसत्या बॅटरीच्या उजेडात घसा पाहून खात्रीने निदान करणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. घशातला स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन तो तपासणे हाच पक्का मार्ग. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्यास एक-दोन दिवस लागतात, तर झटपट चाचणीचा निकाल काही मिनिटांत मिळतो.

घरात कसा पसरतो?

कुल्फी, दही, चिंचा-बोरे यांच्यामुळे हा आजार होत नाही. ज्या मुलाने थंड पाण्याचा थेंब घेतला नाही, त्यालाही तो होतो, कारण तो माणसाकडून माणसाकडे जातो. आजारी मूल बोलते, खोकते, शिंकते तेव्हा तोंडातून जे बारीक तुषार उडतात, त्यांतून जंतू जवळच्या माणसाच्या घशात जातात. उष्टा पेला, एकमेकांच्या तोंडातली शिट्टी, नाक पुसलेला हात हेही मार्ग आहेतच. जंतू आत शिरल्यापासून २ ते ५ दिवसांत घसा दुखू लागतो. म्हणून सोमवारी थोरल्याला झाले आणि धाकटीला शुक्रवारी झाले, तर नवल मानू नये.

सर्वांत मोठा वाटा असतो तो जवळिकीचा. याचा उत्तम अभ्यास अमेरिकेत वायोमिंग राज्यातील वॉरेन हवाई तळावर १९५० च्या सुमारास झाला. तेथील जवान मोठ्या दालनांत ओळीने लावलेल्या खाटांवर झोपत. स्ट्रेप्टोकोकसची साथ तेथे वारंवार येई. संशोधकांना असे आढळले, की जंतू असलेल्या जवानाच्या खाटेपासून शेजाऱ्याची खाट जितकी जवळ, तितका शेजाऱ्याला धोका अधिक. त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. आजारी जवानांनी वापरलेल्या, जंतूंनी भरलेल्या घोंगड्या निरोगी जवानांना पांघरायला दिल्या. त्या घोंगड्यांमुळे आजार वाढला नाही. सुकलेला जंतू दुबळा होतो. तोंडातून उडालेला ओला, ताजा जंतू खरा घातक.

आपल्या घरांना हा धडा चपखल लागू पडतो. दोन खोल्यांत सहा माणसे, एका सतरंजीवर तीन भावंडे आणि त्यांच्यावर एकच पांघरूण, तेथे खाटांमधले अंतर मोजण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु सारे घर फिनेलने धुऊन काढण्यात, गाद्या जाळण्यात किंवा पडदे उकळण्यात जीव शिणवू नये, एवढे मात्र यातून निश्चित कळते. त्यापेक्षा आजारी मुलाला थोडे बाजूला निजवावे. जागाच नसेल तर त्याचे डोके इतरांच्या पायांच्या दिशेला करावे. यास पैसा लागत नाही.

घरातल्या किती जणांना लागण होते? निरनिराळ्या अभ्यासांचा गोषवारा असा, की आजारी मुलाच्या भावंडांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला जंतू गाठतो. आईवडिलांना त्याहून कमी. म्हणजे दर चार भावंडांत तीन जण सुटतात. ‘एकाला झाले म्हणजे सगळ्यांना होणारच’ ही समजूत खरी नाही.

पहिला दिवस घराचा, नऊ दिवस मुलाचे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. औषध न घेतलेले मूल बरे वाटू लागल्यावरही दोन-तीन आठवडे जंतू पसरवू शकते. पण योग्य प्रतिजैविक सुरू केले, की साधारण २४ तासांत त्याच्यापासून इतरांना होणारा धोका जवळजवळ संपतो. तापही एक-दोन दिवसांत उतरतो. तिसऱ्या दिवशी मूल अंगणात खेळू लागते. घराची भीती जाते आणि नेमक्या याच दिवशी गोळ्या बंद होतात.

ही फार मोठी चूक आहे. कारण पेनिसिलीन किंवा तिच्याच जातीचे अमॉक्सिसिलीन १० दिवस देतात, ते घसा बरा करण्यासाठी नव्हे. घसा तर बहुधा औषधाविनाही आठवडाभरात बरा होतो. ते १० दिवस घशातला जंतू समूळ काढण्यासाठी असतात, म्हणजे त्यापुढचे संकट टळावे म्हणून. थोडक्यात, औषधाचा पहिला दिवस घराला वाचवतो आणि उरलेले नऊ दिवस त्या मुलाच्या हृदयाला. काही पाश्चात्त्य देशांत हल्ली कमी दिवसांचे औषधही देतात. परंतु तेथे हृदयाची ही गुंतागुंत फार विरळ झाली आहे. आपल्याकडे ती स्थिती नाही, म्हणून आपण दहाचा आकडा सोडू नये.

एक हिशेब मांडून पाहा. समजा, थोरल्या मुलाला दिवसातून दोन याप्रमाणे १० दिवसांच्या २० गोळ्या दिल्या. तीन दिवसांत ६ गोळ्या घेऊन तो बरा झाला. उरल्या १४. तेवढ्यात धाकटीचा घसा धरला. पुन्हा डॉक्टरांची फी कशाला, म्हणून उरलेल्यांतल्या ६ गोळ्या तिला दिल्या. तीही बरी झाली. राहिलेल्या ८ गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात गेल्या. घरच्यांना वाटते, पैसे वाचले. वास्तविक दोन मुलांना अर्धवट औषध मिळाले, पुरे कोणालाच नाही. शिवाय धाकटीला तोच आजार होता की साधी सर्दी, हे कोणी पाहिलेच नाही. तिच्या वजनाप्रमाणे मात्रा किती हवी होती, हेही नाही. ताटातला घास वाटून खावा ही आपली रीत चांगली आहे. पण औषध वाटून खाऊ नये.

घशापासून हृदयापर्यंत

औषध अर्धवट राहिले किंवा घेतलेच नाही, तर काही मुलांच्या बाबतीत घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ‘ऱ्हुमॅटिक ताप’ येतो. जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली शक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. आज गुडघा सुजतो, तो उतरतो तोच घोटा, मग मनगट. काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. मूल खोड्या करते असे समजून त्याला मारही बसतो. सांधे पूर्ववत होतात, पण हृदयाच्या झडपांवर पडलेला व्रण राहतो. पुन्हा घसा, पुन्हा ताप, असे होत गेले की झडप आक्रसते किंवा गळू लागते.

हे फार थोड्यांना होते, हे खरे. साथ नसताना उपचार न झालेल्या हजारात तीनएक मुलांना, तर जोराच्या साथीत शंभरात तिघांपर्यंत. परंतु घसा दुखणाऱ्या मुलांची संख्याच एवढी प्रचंड आहे, की हे ‘थोडे’ मिळून फार होतात. जगात चार कोटींहून अधिक लोकांना असा हृदयविकार आहे. दरवर्षी तीन लाखांहून अधिक माणसे त्याने दगावतात आणि भारत हा त्याचा मोठा भार वाहणाऱ्या देशांपैकी एक आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य परिषदेने या रोगावर खास ठराव केला, तो उगाच नव्हे.

या रोगाची शोकांतिका अशी, की तो गुपचूप येतो. कित्येक रुग्णांना लहानपणी सांधे सुजल्याचे आठवतही नाही. नवव्या वर्षी जिचा घसा ‘आपोआप’ बरा झाला, ती मुलगी पुढे सासरी जाते आणि पहिल्या गरोदरपणात जिना चढताना तिला धाप लागते. तेव्हा कळते की हृदयाची झडप आक्रसली आहे. मुलाचा घसा दुखला तर तालुक्याला नेणारे आणि मुलीला हळद-दूध देऊन निजवणारे घर आपण सर्वांनी पाहिले आहे. हळद-दुधाने, मिठाच्या गुळण्यांनी घशाला आराम जरूर पडतो. जंतू मरत नाही.

हे संकट टाळता येते, याचा पुरावाही वॉरेन तळावरचाच आहे. घशाच्या रोगाने आजारी पडलेल्या सुमारे ८०० जवानांना पेनिसिलीन दिले, त्यांतल्या दोघांना ऱ्हुमॅटिक ताप आला. ज्यांना दिले नव्हते, अशा सुमारे ८०० जणांत तो १७ जणांना आला. १९५० साली हे प्रसिद्ध झाले. पुढे असेही दिसले, की घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी हृदयाचे रक्षण होते. म्हणून तपासणीच्या निकालासाठी एक-दोन दिवस थांबावे लागले तर घाबरण्याचे कारण नाही. आणखी समाधानाची गोष्ट म्हणजे, इतकी वर्षे वापरूनही या जंतूला पेनिसिलीन पचवता आलेली नाही. इतर काही औषधांना मात्र तो दाद देईनासा झाला आहे. म्हणून दुकानातून परस्पर ‘तीन दिवसांच्या भारी गोळ्या’ आणण्यापेक्षा जुनी, स्वस्त पेनिसिलीनच या कामी सरस ठरते. जिला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे, तिच्यासाठी डॉक्टर दुसरे औषध निवडतील.

मग सगळ्या घराला गोळ्या का नकोत?

हा प्रश्न योग्य आहे. उत्तर असे. एक तर बहुतेक जणांना लागण होतच नाही. दुसरे, निरोगी दिसणाऱ्या शाळकरी मुलांपैकी काहींच्या घशात हा जंतू नुसताच मुक्काम ठोकून असतो. त्यांना आजार नसतो, ऱ्हुमॅटिक तापाचा धोका जवळजवळ नसतो आणि त्यांच्यापासून दुसऱ्याला सहसा लागणही होत नाही. अशांना शोधून गोळ्या देण्यात अर्थ नाही. तिसरे, गरज नसताना घेतलेल्या प्रतिजैविकाने जुलाब, पुरळ होतात आणि शरीरातले इतर जंतू मात्र औषधाला सरावतात. उद्या खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध निकामी ठरते. म्हणून नियम सोपा आहे: ज्याला लक्षणे, त्याची तपासणी, ज्याला खरा आजार, त्याला पुरे औषध, बाकीच्यांवर लक्ष.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. घरात कोणाला पूर्वी ऱ्हुमॅटिक ताप आला असेल किंवा हृदयाच्या झडपेचा हा आजार असेल, तर त्या घराने घसादुखी कधीच हलक्याने घेऊ नये. तेथे त्रास नसलेल्यांच्या घशाचीही तपासणी करणे योग्य ठरते. अशा रुग्णाला दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन कित्येक वर्षे घ्यावे लागते. झडपेला इजा असेल तर बहुधा वयाच्या चाळिशीपर्यंत, कधी त्याहूनही पुढे. लग्न ठरले, नोकरी लागली, गाव बदलले, म्हणून ते बंद करू नये. घरातल्या दुसऱ्याचा साधा घसा या माणसाला महागात पडू शकतो.

घराने एवढे करावे

आजारी मुलाला औषध सुरू होऊन निदान २४ तास होईपर्यंत आणि ताप उतरेपर्यंत शाळेत पाठवू नये. त्याचा पेला, चमचा, टॉवेल, दात घासण्याचा ब्रश वेगळा ठेवावा. भांडी नेहमीच्या साबणाने घासली म्हणजे पुरे. खोकताना रुमाल धरावा आणि घरातल्या सर्वांनी हात धुण्याची सवय ठेवावी. स्वयंपाक करणाऱ्या बाईचाच घसा धरला असेल, तर एक-दोन दिवस घरातल्या दुसऱ्याने पोळ्या लाटाव्यात. बिघडत काहीच नाही. गोळ्यांच्या पाकिटावर १० दिवसांच्या तारखा लिहून ते देवघरापाशी किंवा आरशाजवळ ठेवावे आणि रोज खूण करावी. दहा दिवस गोळ्या देणे जमणार नाही असे वाटत असेल, तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. पेनिसिलीनच्या एकाच लांब मुदतीच्या इंजेक्शनने तेच काम होते. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये.

आठवडाभर बाकीच्या भावंडांकडे लक्ष असू द्यावे. कोणाला थुंकीही गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, मान सुजली असेल, श्वास लागत असेल, तर रात्र आहे म्हणून थांबू नये. घसा बरा झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. सांधे दुखू लागले किंवा धाप लागली, तर पूर्वीच्या घशाची हकिकत डॉक्टरांना आठवणीने सांगावी.

दोष एकट्या घराचा नाही

सगळा उपदेश आईवडिलांनाच करणे मला पटत नाही. ज्या शाळा शंभर टक्के हजेरीसाठी बक्षीस देतात, त्या नकळत तापलेल्या मुलाला वर्गात बोलावत असतात. आजारपणाची रजा त्या हिशेबातून वगळावी. आम्हा डॉक्टरांनीही चिठ्ठीवर ‘१० दिवस’ लिहून थांबू नये. तिसऱ्या दिवशी मूल बरे दिसेल तरी का थांबायचे नाही, हे दोन मिनिटे समजावून सांगावे. आणि साध्या सर्दीला प्रतिजैविक लिहिण्याचा मोह आवरावा, कारण त्यामुळेच लोकांचा त्या गोळ्यांवरचा विश्वास आणि धाक दोन्ही जातात.

सरकारकडेही मागणे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला आणि मुलांमध्ये शोधावयाच्या आजारांत या हृदयविकाराचा समावेश आहे, ही चांगली गोष्ट. परंतु झडप बिघडल्यावर ती शोधण्यापेक्षा बिघडू न देणे बरे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात घशाची झटपट चाचणी हवी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बेंझाथिन पेनिसिलीन हवी. ती टोचणारा आणि क्वचित प्रतिक्रिया आलीच तर ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूसही हवा. झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेला लागणाऱ्या पैशांत अशी कितीतरी इंजेक्शने येतात, हा हिशेब समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

तोपर्यंत घरात जे आपल्या हातात आहे, ते आपण करू या. औषधाच्या डब्यात कोणाच्या तरी उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या असतील, तर त्या आजच काढून टाका. पुढच्या वेळी घरात कोणाचा घसा धरला, तर त्याला आधी तपासून घ्या आणि औषध दिले असेल तर दहाव्या दिवसाची शेवटची गोळी स्वतःच्या हाताने द्या.